फीडच्या चिठ्ठीची दुसरी प्रत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या मेट्रनबाई, आणि सभागृहातल्या माझ्या सिस्टर्स, ब्रदर्स, मावश्या,

बाई आत्ताच कानात म्हणाल्या, "चांगलं बोल गं." चांगलंच बोलते, बाई. बसा निवांत.

बाईंची शिस्त कोणाला ठाऊक नाही? नऊला राउंड, त्याआधी नळीचे सगळे फीड उरकलेले हवेत. आता नाकातल्या नळीने जेवणाऱ्याला घाई कशी चालेल? आधी उशाकडची बाजू उंच करायची, नळी पोटातच आहे ना ते सिरिंजने ओढून बघायचं, मग फीड हळूहळू उतरू द्यायचं. हे आम्हाला शिकवलं कोणी? बाईंनीच! वाजवा की टाळ्या.

अकरा वर्षांपूर्वी चार नंबरच्या खाटेवर एक म्हातारे मास्तर होते. नऊला पाच कमी. मी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होते. बाईंनी सिरिंज उचलली आणि मास्तर सपाट निजलेले असताना दट्ट्या दाबून अख्खं फीड आत ढकललं. मास्तरांना ठसका लागला, फीड फुप्फुसात गेलं. चौथ्या दिवशी ते गेले. चौकशीत बाई म्हणाल्या, "फीड हिनं दिलं." कोणी फीड दिलं याची नोंद असलेला वॉर्डातला तक्ता तोवर गायब! नोकरी जायच्या भीतीने मी माफीनामा लिहून दिला आणि माझी रवानगी पथ्याच्या स्वयंपाकघरात झाली. बिनमिठाचं, बिनसाखरेचं, गाळलेलं, घोटलेलं. अजून तेच करतेय.

पण बाई, फीड देणारी ज्या चिठ्ठीवर सही करते, तिची कार्बन प्रत रिकाम्या बाटलीबरोबर स्वयंपाकघरात परत येते, हे तुम्ही विसरलात. सवयीने सही ठोकलीत आणि मला नेमकं तिथेच पाठवलंत! पहिल्याच आठवड्यात ती माझ्या हाती लागली. दाखवणार कोणाला? सगळे कागद तुमच्याच टेबलावरून जायचे. शिवाय खरं सांगू? मला तुम्ही अशाच हव्या होतात, सगळ्यांसमोर बसलेल्या.

अध्यक्ष महोदय, घंटी राहू द्या, संपवतेच. तिसऱ्या रांगेत मास्तरांची मुलगी आहे. मला पाहिलं की ती आजही रस्ता बदलते. माझ्या नावाने आली नसती, म्हणून आजच्या सत्कार समितीच्या नावाने बोलावणं धाडलं. ताई, हा कागद घ्या. वेळ, खाट, सही, सगळं मोठ्याने वाचा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या फीडबद्दल लिहून दिलेली माफी मात्र मी आज परत घेते.