पाण्याला झालेला मिरचीचा रोग

हसाल तुम्ही, पण आमच्या लॅबमध्ये एकदा साध्या पाण्याला मिरचीचा रोग झाला होता. मिरचीच्या रोपांत विषाणू आहे का, हे मी पीसीआर मशीनवर तपासते. रोपांच्या नळ्यांसोबत एका नळीत नुसतं पाणी ठेवायचं. ती कोरी आली, तरच बाकीचा निकाल खरा. नर्सरीवाल्या यादगिरी अण्णांच्या रोपांबरोबर त्या दिवशी पाणीही पॉझिटिव्ह! म्हणजे कुणाचा तरी हात विषाणूनं बरबटलेला. तो माझाच असणार, हे मी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात निकालाची वाट बघणाऱ्या अण्णांचा फोन. "मॅडम, पौधे उखाड़ दूँ क्या? पूरा शेड खाली हो जाता."

"नक्को अण्णा! हमारे पानी में भी वही बीमारी निकली. फिर से देखती हूँ."

अण्णा काळजीनं म्हणाले, "मॅडम, घर में छोटी बच्ची है ना? वो पानी उसकू नक्को पिलाओ."

दुसऱ्या तपासणीत रोपं निरोगी निघाली, शेड वाचलं. मिरचीचा विषाणू माणसाला काही करत नाही, हे मी शिकलेय, शिकवलंयही. तरी त्या संध्याकाळी लेकीचं पाणी मी उकळलंच.