बाई, आत येऊ का?

—नाही, बसा हो. बसा म्हटलं ना. फक्त त्या खुर्चीला पाठ टेकू नका, मागून सैल झालीय ती, सुताराला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. हां. तर तिसरीच्या बाई, काय म्हणत होतात? मुलीला आपल्या शाळेत घालायचं नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या त्या काचेच्या शाळेत घालायचं. आणि कारण काय, तर — थांबा, तुमचंच वाक्य म्हणते, फार गोड वाक्य होतं — "मला तिची बाई व्हायचं नाहीये, आईच राहायचंय." वा! कुठे मिळालं हे? त्या प्रशिक्षणात ना? वाटलंच. मीही होते की तिथे. चांगल्या धडधाकट माणसांना गोल उभं करून तो पोरसवदा मार्गदर्शक विचारतो, तुम्ही प्राणी असतात तर कोणता असता? आपले चित्रकलेचे सर, पन्नाशी उलटलेला माणूस, म्हणाले ससा. ससा! माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हटलं, मी मुख्याध्यापिका आहे, पुढे चला. तुम्ही कोण झाला होतात, फुलपाखरू? — बरं, चिमणी. काय फरक पडतो. दिवसभर फुगे फुगवायचे आणि जाताना एकेक वाक्य घरी न्यायचं. तुमच्या वाट्याला हे आलेलं दिसतंय.

शिकवणाऱ्यांची मुलं याच शाळेत शिकतील, हा नियम माझा. का केला? अहो, खानावळवालाच स्वतःचा डबा दुसरीकडून मागवायला लागला तर गिऱ्हाइकानं काय समजायचं? आधीच पालक म्हणजे डोक्याला ताप. मुलाला ज्वालामुखी करून आणायला सांगितला, तर बाप ऑफिसात रजा टाकून ज्वालामुखी करतो, आणि वर येऊन मला विचारतो, मार्क कमी का? मी म्हटलं, तुमचं वय बघता हस्तकला बेताचीच आहे. तोंड पाडून गेला. — काय हो काका? कोण आलंय? नाव नाही सांगितलं? बरोबर लहान मुलगी आहे म्हणता, मग प्रवेशाचंच काम. बसू दे बाकावर. न कळवता यायचं आणि वर लगेच भेट हवी! — नवीन आहेत हो आपले शिपाईकाका, कुणीही आलं की धावत सांगायला येतात. अहो, तपासणीचे साहेब आले तरी मी या खुर्चीतून उठत नाही. ते आत येतात, नमस्कार करतात, मी मान हलवते. तर हे पालक कोण लागून गेले?

आणि हा नियम पहिल्यांदा कुणाला लागू झाला, माहितीय? माझ्या मुलाला. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर उभं करून सांगितलं — या फाटकाच्या आत मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं, तुम्ही म्हणायचं, आणि खोलीत यायचं तर विचारून यायचं. पोरगं हुशार, एकदा सांगितलं की पुरे. कधी चुकला नाही. तुमची तिसरीतली कार्टी अजून मला "ए बाई" करतात! — नाही, ऐका तर. एकदा मैदानात घसरगुंडीवरून पडला. मी इथेच, समोर कुणीतरी पालक. हा दारात येऊन म्हणतो, "बाई, आत येऊ का?" मी वर न बघताच म्हटलं, थांबा. थांबला. रडणं नाही, आवाज नाही. पालक एकदाचे गेले — बडबडे होते, हलता हलेनात — तेव्हा मी वर बघितलं, तर मनगट हे असं भलतीकडेच वळलेलं, दुसऱ्या हातानं धरून उभा. मनगट मोडलेलं पोरगं परवानगीची वाट बघत होतं! याला म्हणतात शिस्त. डॉक्टरनं मला काय वाट्टेल ते ऐकवलं. त्याला काय कळतंय शाळेतलं? — असं काय बघताय माझ्याकडे? डोळ्यात काय गेलं? पंख्याची धूळ कसली, रडताय तुम्ही. तो रडला नाही, मी रडले नाही, तुम्ही कोण मधेच?

घरी? घरी काय म्हणायचा? — घरीही बाईच. सवय, दुसरं काय. मी एकदा म्हटलंसुद्धा, अरे, घरात आई म्हण की. तर म्हणाला, "हो, बाई." हसा, हसा, मीही हसलेच होते. वाटलं, जाईल हळूहळू. लहान मुलांचं बोबडं बोलणं जातंच की नाही? तसं हे जाईल. माझे मिस्टर गेले तेव्हा घरभर माणसं. हा माझ्या पाठीशी उभा, हात लावला नाही, काही नाही, नुसता उभा. मग वाकून म्हणाला, "बाई, थोडं पाणी घेता का?" नंतर मिस्टरांच्या ऑफिसातले एक साहेब मला म्हणतात, तुमचे विद्यार्थी फार गुणी हो, तो एक तर शेवटपर्यंत थांबला होता. मी हो म्हटलं.

आता असतो लांब, दुसऱ्या शहरात. मोठा हुद्दा आहे. त्याची मुलगी कुठल्या शाळेत आहे, विचारा. — तसल्याच एका काचेच्या! बायकोचा हट्ट असेल म्हटलं मी, तर म्हणाला, नाही बाई, माझाच. परवा फोन आला होता. इकडे काम निघालंय, छोटीला घेऊन भेटायला येऊ का? येऊ का! विचारतोय! आणि मी काय म्हणाले — म्हणाले, या आठवड्यात तपासणी आहे, आधी कळवायला हवं होतं. अहो, तोंडातून गेलं! जो येईल त्याला हेच सांगत आले ना, जीभ आपोआप तिकडे वळते. मग म्हणाला, "बरं, बाई." आणि मागून नातीचा आवाज, "बाबा, बाई काय म्हणाल्या?" आता बोला! आजीसुद्धा नाही मी तिची. लागतं हो. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले मी, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, उठून गॅस बंद करायचंही सुचलं नाही. — पण हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझं ऐकायला आलात की तुमचं सांगायला? मुद्दा एवढाच की येणार नाहीत ते, आणि तुमची मागणी काही मान्य होण्यासारखी नाही. फुगे फुगवून मुलं वाढत नाहीत. नियम म्हणजे नियम. तुमच्या चिमणीसाठी मी तो —

कोण बोललं ते? दारात कोण आहे? — तुमच्या खुर्चीमागून दिसत नाहीये मला. काय म्हणाले ते? नाही, मला ऐकू आलं, पण तुम्ही सांगा. "बाई, आत येऊ का?" असंच ना? — पालक तसं नाही हो विचारत. पालक "मे आय कम इन, मॅडम" म्हणतात. असं आता कोणी विचारत नाही. कोणीच नाही. — आणि काका म्हणाले होते, बरोबर लहान मुलगी — केव्हापासून बसवलंय मी त्यांना बाहेर?

निघा तुम्ही. मुलीला कुठे घालायचं तिथे घाला, काचेच्या शाळेत घाला, नाहीतर लाकडाच्या, मी अडवत नाही. — आभार कसले मानताय, उठा! आणि जाताना त्यांना सांगा, दोन मिनिटं थांबा — नाही! थांबा म्हणू नका. काहीच म्हणू नका तुम्ही. ती खुर्ची सरकवा आधी, उठायचंय मला. माझी वाट अडवून बसलात.