तापल्यावर

स्कूटरची वाट बघत गॅरेजात बसलेल्या बाईंनी वर्तमानपत्र खाली घेतलं. शेजारी भाऊ-बहीण वडिलांची जुनी कार घेऊन मिस्त्रीपुढे उभे होते.

"गार असताना सुरू होते, तापली की होत नाही?" मिस्त्रीनं विचारलं.

"हो ना. म्हणून दादा बाहेर कुठे गेला की इंजिन बंदच करत नाही," बहीण म्हणाली.

"म्हणजे कॉम्प्रेशन गेलंय, आत दाबच धरत नाही. इंजिन खोलावं लागणार. ऑइल किती पिते?"

"थेंबभरही नाही," भाऊ म्हणाला. " बाबांच्या वेळी फार प्यायची. मी इंजिनात ऑइल सोडणारा पाइपच बंद केला."

"अहो, रोटरी इंजिन आहे ते. दाब धरणाऱ्या आतल्या पट्ट्यांना तेच ऑइल लागतं, ते जळणारच. कोरड्या घासून मारल्यात तुम्ही. कुणी शिकवला हा शहाणपणा?"

"दादा, बाबा दर रविवारी ऑइल घालायचे, तेव्हा तू काय म्हणायचास?"

"जाऊ दे ना आता."

"नाही, सांग मिस्त्रींना."

"म्हातारा गाडीची वाट लावतोय, म्हणायचो."