खालून वर

बसा हो जावईबापू, सारखं घड्याळाकडे काय बघताय? गाडी सुटेल, माहितेय. ठमीनं बाळाला घेऊन घरी यावं की नाही, एवढंच सांगायचंय मला, तेही माहितेय. पण तुम्ही आणलेलं तिचं हे पत्र आधी तपासू दे, तपासल्याशिवाय मी कुठल्याच कागदाला उत्तर देत नाही — छापखान्यात एकतीस वर्षं इंग्रजी प्रुफं तपासलीयत, थट्टा आहे का? आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं, हं, आमची रीतच ती. वरून वाचलं की माणूस मजकुरात वाहवतो, चुका निसटतात. अर्थाशी आपल्याला काय करायचंय?

ठमीची पत्रंही अशीच तपासायचो. तिची आई गेली, मला एकट्याला झेपेना, म्हणून वसतिगृहात ठेवली — तेव्हाच बजावलं, घरी पत्र इंग्रजीतच लिहायचं. आणि ही लिहायची काय, तर 'शुड ऑफ'! अगं बाई, 'शुड हॅव'! 'फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस' म्हणे, 'इंटेन्ट्स अँड पर्पजेस' ते! कपाळ माझं! लाल शाईनं दुरुस्त करून परत धाडायचो. शिकावी म्हणूनच ना? आणि एके दिवशी पत्रंच बंद. नऊ वर्षं! लग्नसुद्धा परस्पर. तुमच्यावर राग नाही हो माझा — पण माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा —

हे काय काढलंत खिशातून? अहो, ही तर माझीच शाई! तेव्हाचं पत्र जपून ठेवलं तिनं? बघा, सतरा चुका, खाली शेरा — 'सुधारणा हवी'. हे बघा, इथेच 'शुड ऑफ'... काय? वरून वाचू? वाचतो की, मराठीत सांगतो, घाबरतो काय. "बाबा, इथे मला झोप येत नाही. आई गेली तेव्हा तुम्ही मला जवळ ठेवायला हवं होतं. मला घरी न्या. मी मुळीच त्रास देणार..."

हे मी वाचलंच नव्हतं हो. तपासलं होतं फक्त.

आणि हे आजचं — तीनदा तपासलं मघापासून, एक चूक सापडत नाही. कुणाकडून तरी दुरुस्त करून घेतलंय ना? मान डोलावताय! म्हणजे अजून भिते मला. एवढी मोठी झाली, आई झाली, तरी...

उठा. बाहेर बसा जरा. सुटली गाडी तर सुटू दे, दुसरी मिळेल. ते लाल पेन घेऊन जा आधी. आणि दार ओढून घ्या — मला हे वरून वाचायचंय.