खुर्ची खालून बघायची

स्वेनबोर्गच्या लायब्ररीत जुन्या वस्तूंच्या पारख्यापुढे रांग लागली होती. दिवा कवटाळून उभ्या असलेल्या बिर्तेच्या पुढेच दोघं बोलत होती: खुर्ची घेऊन आलेला एक दाढीवाला आणि काठी टेकत आलेली म्हातारी.

“उलटी कर रे जरा.”

“आजी, वरून बघा की! हाताचं लाकूड कसं लोण्यासारखं आहे.”

“लोणी काय, सगळेच बघतात. खुर्ची खालून बघायची. हा सांधा बघ, नखालासुद्धा लागत नाही.”

“बैठकीची दोरीही मूळचीच. खुर्ची आजोबांनी लग्नात घेतलेली.”

“पिळलेल्या कागदाची दोरी, साठ वर्षं झाली, तरी एक पेड सैल नाही! पण तो पारखी म्हणेल, वीण नंतरची आहे.”

“का म्हणून?”

“असल्या बाकीच्या खुर्च्यांची वीण उजवीकडे वळते. हिची डावीकडे.”

“म्हणजे खोटी?”

“खोटी कशाला? ह्या खुर्च्यांच्या कारखान्यात एक डावखुरी पोरगी होती. मुकादम रोज ओरडायचा, मग वीण ओढून बघायचा आणि गप्प बसायचा.”

“हे त्याला कोण पटवणार?”

“नंबर सोडू नकोस. आणि ही काठी धर. मला डावा हात मोकळा लागेल.”