गोगलगाई आणि सुरी

तैवानच्या खाडीकाठी बसच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कुओचे कान मागच्या नणंद-भावजयीकडे लागले होते.

“वहिनी, डब्यातल्या गोगलगाईंचं पाणी तांबूस कशानं झालं?”

“त्यांनी पोटातला चिखल ओकावा म्हणून रात्रभर पाण्यात लोखंडी सुरी टाकली. रांधायच्या आधी टाकतो तशी.”

“अगं, या प्रयोगशाळेत द्यायच्या आहेत. कारखान्याच्या सांडपाण्यातला धातू त्यांच्या अंगात किती भिनलाय ते तपासायचंय. कारखानेवाले म्हणतील, तुमच्याच सुरीचा गंज.”

“मग दे ओतून. ओहोटी आहे तोवर नव्या वेचू. खालचा गाळही घेऊ.”

“तिवरांत गुडघाभर चिखल आहे.”

“असू दे. त्यांना बोट ठेवायला जागा द्यायची नाही.”

बस आली. दोघी रांगेतून बाहेर पडल्या. कुओही चढला नाही. त्यानं हातातली गोगलगाईंची ओली पिशवी पुढे केली.

“संध्याकाळी रांधणार होतो. सुरी अजून टाकलेली नाही.”

“कुठं वेचल्या, काका?”

“कारखान्याच्या नाल्यापाशी.”

“पिशवी द्या इकडे. आणि जागा दाखवायला चला.”