वहिनींची संत्री आणि दादाच्या पट्ट्या

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "तुला कुणी सांगितलं होतं त्या पट्ट्या घरी न्यायला?" अहो, सांगायला कशाला हवं कुणी, मी आपल्या पायांनी गेलो आणि आपल्या हातांनी दिल्या! तुम्हाला सांगतो, घरात शांतता राहावी म्हणून माणूस जे जे करायला जातो ना, नेमकं त्यातूनच... जाऊ द्या. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कसल्या पट्ट्या घेऊन बसलाय.

मी एका प्रयोगशाळेत कामाला. तिथे कॅन्सरच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्या पोटात कुठे किती आंबटपणा असतो ते बघतात. 'बघतात' म्हणजे आमच्या प्रमुख शास्त्रज्ञ बाई बघतात. मी त्या पेशींचं खाणं तयार करतो. लालसर पाणी असतं, त्यात साखर, क्षार, काय काय, आणि पीएच मीटर, म्हणजे आंबटपणा मोजायचं यंत्र, लावून सात पूर्णांक चारवर आणायचं; आकडा सातच्या जितका खाली तितकं आंबट. सात पूर्णांक तीन नाही, पाच नाही, चार! सव्वीस वर्षं हेच. त्याच्या पलीकडचं मला विचारू नका, मी आपला बाटल्या भरणारा माणूस.

पण आमच्या घरात मी शास्त्रज्ञ! वहिनींना कॅन्सर निघाला आणि दादाला कुणीतरी फोनवर पाठवलं की कॅन्सर आंबटात वाढतो. झालं! सकाळी सातला माझा फोन वाजला. "काय रे, तुझ्याकडे आंबटाचं यंत्र आहे ना? कॅन्सरला आंबट लागतं हे खरं का?" आता खोटं कसं बोलू? बाईंना काहीतरी तसं बोलताना ऐकलं होतं मी. म्हटलं, "दादा, गाठीच्या आसपास आंबट असतं खरं, पण..." 'पण'पर्यंत ऐकतोय कोण! "म्हणजे आंबट बंद, कॅन्सर उपाशी!" आणि फोन ठेवला.

आता आमचा दादा कोण, ते कळल्याशिवाय तुम्हाला यातली मजा कळायची नाही. दादा वजनमाप निरीक्षक होता. चौतीस वर्षं दुकानादुकानात जाऊन तराजू तपासले. समोरचा देवमाणूस असला तरी दादा म्हणणार, "शिक्का दाखवा." त्याने लिंबू बंद केलं, दही बंद केलं, टोमॅटो बंद, संत्री बंद. आणि वहिनींना औषधाच्या दुसऱ्या डोसनंतर तोंडाला चव म्हणून नव्हती, गिळवत होतं ते एकच, संत्रं! वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, बाकी सगळं लाकडासारखं लागतं हो. एक संत्रं तेवढं खावंसं वाटतं." चोपन्नावरून वजन आलं एक्कावन्नावर, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गुरुवारी काटा पन्नासच्या खाली गेला तर तिसरा डोस पुढे ढकलावा लागेल. मला रात्रीची झोप येईना. वहिनी म्हणजे, तुम्हाला सांगतो, आई गेल्यावर मला वाढवलं ते त्यांनी.

मग मी काय शहाणपणा केला? म्हटलं, दादाचा विश्वास मोजमापावर, तर मोजूनच दाखवू. लॅबमध्ये पीएचच्या कागदी पट्ट्या असतात, थेंब टाकला की रंग बदलतो. बाईंना विचारून एक पाकीट घेतलं. दादाला म्हटलं, हे बघ, वहिनींच्या लाळेला लाव, संत्रं खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर तासाभराने, दोन्ही सारखंच येईल, मग पटेल तुला. केवढा हा हुशारपणा!

चार दिवसांनी गेलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता! चहा, पावणेसहा, नापास. पाव, साडेपाच, नापास. नळाचं पाणी, सात, "तात्पुरतं मान्य." उकडलेला बटाटासुद्धा नापास! अहो, पावालाच नापास केल्यावर त्या माउलीने खायचं काय? मी म्हटलं, "दादा, अरे मी कशासाठी दिल्या होत्या आणि तू..." तर म्हणतो, "तूच दिल्यास. आता तुलाच शंका?" आणि वहिनी कोपऱ्यात पाणी पीत बसलेल्या. तात्पुरतं मान्य असलेलं.

गेलो बाईंकडे. म्हटलं, बाई, मला कळत नाही, मी आपला बाटल्या भरणारा माणूस, पण माझी वहिनी उपाशी मरेल. बाई म्हणाल्या, "घेऊन या तुमच्या दादांना."

मंगळवारी दादा आला. खिशात पट्ट्या. आल्या आल्या पीएच मीटरसमोर उभा राहून पहिला प्रश्न, "याची तपासणी शेवटची कधी झाली?" मी म्हटलं, "रोज सकाळी होते, चार आणि सात आणि दहा अशा ठरलेल्या पीएचच्या पाण्यात बुडवून." वही दाखवली. पानं उलटली त्याने, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने बघितलं!

बाई त्याला समजावायला बसल्या. "हे बघा, पेशी म्हणजे एक घर समजा. घरात खोल्या. कचरा जिरवायची खोली आंबटढाण, पार्सलं बांधायची खोली थोडीशी आंबट, वीज तयार करायची खोली उलट बाजूला. दारादारावर पंप असतात, ते आंबटपणा आत-बाहेर करतात. कॅन्सरच्या पेशीत हा हिशेब बिघडतो. ती स्वतः आत फारशी आंबट राहत नाही, आंबट सगळं शेजाऱ्याच्या दारात ढकलते. कधी कधी औषधसुद्धा त्या कचऱ्याच्या खोलीत अडकून पडतं. आम्ही तेच शोधतोय." दादा मान हलवत होता, पण मी ओळखतो त्याला, तो असा मान हलवतो तेव्हा दुकानदाराचं म्हणणं संपायची वाट बघत असतो. "ते ठीक आहे," म्हणाला, "पण त्या पेशींना आंबट मिळतं कुठून? खाण्यातूनच ना?"

बाई उठल्या. मला म्हणाल्या, "सकाळची बाटली आणा." आणली. एक थेंब पट्टीवर टाकला, दादाने चष्मा वर करून रंग ताडून पाहिला. "सातच्या वर. पास." मग बाईंनी फेकायला काढलेली दुसरी बाटली आणली, त्यात दोन दिवस पेशी वाढलेल्या. तेच पाणी, मीच भरलेलं, पण लालचं पार पिवळं झालेलं. थेंब टाकला. साडेसहा!

आणि तुम्हाला सांगतो, दादा सर्रकन माझ्याकडे वळला. "यात काय पिळलंस?"

अहो, मला! भर प्रयोगशाळेत, बाईंच्या देखत! म्हटलं, "दादा, मी काय पिळणार? सात पूर्णांक चार भरलं होतं, वहीत बघ!" त्याने वही बघितली, तारीख बघितली, बाटलीवरची चिठ्ठी बघितली. परत बाटली बघितली. "मग यांना आंबट दिलं कुणी?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "त्याच तयार करतात. तुमच्या भावाने एवढं जपून, मोजून दिलं, तरी दोन दिवसांत त्यांनी त्याचं हे केलं. संत्रं बंद करून त्यांचं काही अडत नाही. अडतं ते तुमच्या बायकोचं. रक्तातला आंबटपणा तिची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, तुम्ही नाही सांभाळला तरी चालेल."

दादा खाली बसला. माझ्याच स्टुलावर. ती पिवळी बाटली हातात घेऊन परत खाली ठेवली त्याने, आणि मग इतक्या बारीक आवाजात म्हणाला, "मग मी काय करू?" तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं लोकांना घाम फोडणारा माणूस तो. मी आपला त्याला पाणी दिलं. त्याने पट्टी न लावता प्यायलं.

घरी जाताना त्याने संत्री घेतली, आणि त्या रात्री वहिनींनी दोन खाल्ली. मला फोनवर म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हो, याने काही होत नाही ते." मी उडालोच! "मग बोलला का नाहीत?" तर म्हणतात, "डॉक्टरांच्या हातात औषध, नर्सच्या हातात सुई. ह्यांच्या हातात काहीच नव्हतं. काहीतरी मोजू दे म्हटलं बिचाऱ्यांना."



गुरुवारी हॉस्पिटलमध्ये वजन, पन्नास किलो चारशे ग्रॅम. दादाने आधी त्या काट्याचा शिक्का शोधला, तो माणूस सुधारायचा नाही, पण डोस मिळाला! मी जिन्यात जाऊन रडून घेतलं, सांगायला लाज कसली.

तर म्हणाल, संपलं. छे! काल वहिनींचा फोन, कुजबुजत. "भावजी, ह्यांनी जुना तराजू काढलाय. सकाळी दोनशे ग्रॅम संत्रं, दुपारी दोनशे, संध्याकाळी दोनशे. साल काढून, बिया काढून, मोजून. एक फोड ताटलीत उरली तर समोर उभे राहतात. मला आता संत्र्याचा वाससुद्धा नको झालाय. तुमच्या त्या पट्ट्या... अजून थोड्या मिळतील का हो?"

मी काय सांगणार? मी आपला बाटल्या भरणारा माणूस... नेऊन दिल्या!